ऋतूंच्या सणाला शाळेत गेलो, पण मजा आली नाही: काय चुकतंय?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. साडेपाच वर्षांची मुलगी यंदा वॉल्डॉर्फ पद्धतीच्या, म्हणजे रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर चालणाऱ्या शाळेत घातलीत. दहा वर्षांचा मोठा नेहमीच्याच शाळेत जातो. मुलीच्या शाळेत ऋतूंचे सण होतात आणि घरच्या सगळ्यांना बोलावतात, म्हणून तुम्ही पाचजण आधी शरदाच्या सणाला आणि मग कंदिलांच्या फेरीला गेलात. नवऱ्याने व्हिडिओ काढले. मोठा कंटाळला. सासूबाईंनी अर्ध्या तासाने विचारलं, "कार्यक्रम सुरू कधी होणार?" आणि जिच्यासाठी एवढी यातायात केली तिने कंदील हातात धरायलाच नकार दिला, सगळी फेरी तुमच्या कमरेला मिठी मारून काढली. आता तीन आठवड्यांवर स्पायरल, म्हणजे मेणबत्त्यांच्या गोल वाटेचा सण आलाय आणि तुम्ही विचारताय की आमचं काही चुकतंय, की हे सण आमच्यासारख्यांसाठी नाहीतच? आणि यात धर्माचा काही संबंध आहे का?

शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय: दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कंदील घेऊन ती गुणगुणत घरभर फिरत होती, जेवणाच्या टेबलाखालून सुद्धा. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं निम्मं उत्तर या ओळीत आहे. सण मुलीपर्यंत पोचलाय, तिच्या वेळेने आणि तिच्या पद्धतीने. पोचला नाही तो बाकीच्या चौघांपर्यंत. म्हणजे खरा प्रश्न मुलीचा नाहीच, मोठ्यांनी तिथे जाऊन करायचं काय हा आहे.

मी १९ वर्षं अशा शाळेत शिकवतेय, आधी बालवाडी आणि नंतर प्राथमिक वर्ग. तरी काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या शाळेत किती मुलं आहेत, सण वर्गावर्गाने होतात की सगळ्या शाळेचा एकत्र, शिक्षिका आधी पालकांशी बोलतात की नुसतं पत्रक पाठवतात, यावर बरंच अवलंबून असतं. तुमची मुलगी अनोळखी गर्दीत नेहमीच अशी बिलगते की फक्त त्या संध्याकाळी बिलगली, त्यावरही. त्यामुळे पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं धरू नका.

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात 'शाळेचा कार्यक्रम' म्हटलं की स्नेहसंमेलन येतं. रंगमंच, पडदा, पहिल्या रांगेत पाहुणे, मुलं नाचणार आणि आपण बघणार. ऋतूंच्या सणात यातलं काहीच नसतं, आणि नसतं हे कुणी सांगतही नाही. सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या कार्यक्रमाची वाट बघत होत्या आणि त्यांच्याभोवती तो कधीचाच सुरू झालेला होता. अंधारातून पन्नास माणसं चालतायत, कुणी हळू आवाजात गातंय, मधेच कुणाचा दिवा विझतो आणि शेजारचा आपला पुढे करतो. एवढाच तो असतो. प्रेक्षक म्हणून गेलात तर पदरी काही पडत नाही, कारण बघण्यासारखं तिथे फारसं मांडलेलंच नसतं.

हे सण आले कुठून, तेही थोडं सांगते, म्हणजे धर्माबद्दलच्या तुमच्या प्रश्नालाही हात घालता येईल. पहिली वॉल्डॉर्फ शाळा सप्टेंबर १९१९ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला निघाली. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे मालक एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती आणि ती उभी करायला त्यांनी ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांना बोलावलं. नाव कारखान्याचं, विचार स्टायनरांचा. साहजिकच शाळेत आले ते त्या मुलखातले सण: २९ सप्टेंबरचा मायकेलमस, ज्यात ड्रॅगनशी लढणाऱ्या देवदूत मायकेलची गोष्ट असते, ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी कंदिलांची फेरी, डिसेंबरात ॲडव्हेंटचं, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतलं स्पायरल, मे महिन्यात रंगीत फिती बांधलेल्या खांबाभोवतीचा नाच, आणि २४ जूनच्या सुमारास शेकोटी.

तेव्हा धर्माचा संबंध आहे का, तर आहे. नावं ख्रिस्ती संतांची आहेत. स्टायनरांचं अँथ्रोपॉसॉफी नावाचं स्वतःचं अध्यात्मही या शाळांच्या मागे उभं आहे, ते कुणी नाकारू नये. पण तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. मायकेलमस शरदसंपाताला, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाला लागून. स्पायरल सर्वात मोठ्या रात्रीच्या अलीकडे. जूनची शेकोटी सर्वात मोठ्या दिवसाच्या पलीकडे दोन-तीन दिवसांवर. संतांच्या नावांखाली सूर्याचं गणित आहे, आणि बऱ्याच शाळा आता तेवढंच ठेवतात: सुगीचा सण, प्रकाशाचा सण, अशी साधी नावं देतात. काही शाळा मूळ नावं आणि प्रार्थनाही ठेवतात. तुमची शाळा कुठल्या बाजूची हे शिक्षिकेला सरळ विचारा. "आमच्या घरी वेगळी श्रद्धा आहे, सणात नेमकं काय म्हणतात, काय सांगतात?" एवढं विचारलं तर कुठल्याही बऱ्या शाळेत नीट उत्तर मिळतं. उडवाउडवी झाली, तर मात्र मला ती खटकेल.

सूर्याचं निघालंच आहे तर एक गोष्ट. स्टुटगार्ट साधारण ४९ अंश उत्तरेला आहे. तिथे डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो, मुलं अंधारात उठतात आणि शाळेतून येईतो पुन्हा अंधारायला लागलेलं असतं. तिथे कंदील घेऊन बाहेर पडणं म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विषुववृत्ताच्या दिशेने जावं तसा हा फरक कमी होत जातो. १८ अंशांवर वर्षातला सर्वात लहान दिवसही ११ तासांचा असतो. आणि दक्षिण गोलार्धात तर सगळंच उलटं, तिथे २४ जून भर हिवाळ्यात येतो. म्हणून तिथल्या बऱ्याच शाळा कंदिलांची फेरी जूनमध्ये काढतात. आपल्या खिडकीबाहेर काय चाललंय ते बघून सण ठरवणारी शाळा मला तारखेला चिकटून बसणाऱ्या शाळेपेक्षा केव्हाही बरी वाटते. तुमची शाळा यातलं काय करते हे विचारायलाही हरकत नाही. शिक्षिकांना असे प्रश्न आवडतात, निदान मला तरी आवडतात.

आता मुद्द्याचं. हा सण त्या संध्याकाळी होत नाही. तो आधीच्या दोन-तीन आठवड्यांत झालेला असतो आणि संध्याकाळ हे त्याचं शेपूट असतं. कंदिलाचंच बघा. बालवाडीत आम्ही आधी जाड कागद पाण्यात भिजवतो. ओल्या कागदावर पिवळा आणि लाल रंग सोडतो. ते एकमेकांत शिरतात आणि मधे नारिंगी होतं, ते कुणी करत नाही, होतं. कागद वाळायला एक दिवस. दुसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने त्यावर स्वयंपाकाचं तेल चोळायचं. इथे बहुतेक मुलं थबकतात. आपण रंगवलेल्या चित्राला तेल फासायचं म्हणजे ते खराब करायचं, असं त्यांना वाटतं. मग कुणीतरी कागद खिडकीशी धरतं आणि उजेड पलीकडून आरपार येतो. वर्गात दरवर्षी या क्षणी शांतता होते. मग कागद जुन्या वर्तमानपत्रांवर रात्रभर ठेवायचा, जास्तीचं तेल उतरू द्यायचं, गोल वळवून चिकटवायचा, तळ लावायचा, तार बांधायची. हे चालू असताना रोज सकाळी तीच दोन गाणी. बालवाडीतली ही गाणी पाच सुरांची असतात, त्यात अर्ध्या सुराचं अंतर येत नाही, त्यामुळे मूल कुठूनही सुरू करो आणि कुठेही थांबो, बेसूर वाटत नाही.

फेरीच्या संध्याकाळी तुमच्या मुलीच्या मागे हे दोन-तीन आठवडे होते. तुमच्या मागे गाडी लावायला जागा शोधल्याची दहा मिनिटं होती. यात तुमचा दोष नाही. शाळेनं सांगायला हवं होतं, आणि आम्ही शिक्षक मंडळी ते विसरतो, कारण आमच्यासाठी ते इतकं उघड असतं.

तेव्हा घरी करायचं ते एवढंच: त्या आठवड्यांचा एक छोटा तुकडा घरात आणायचा. सगळे नाही, एकच. वर्गशिक्षिकेकडून एक गाणं मागून घ्या आणि स्वयंपाक करताना, मुलीला झोपवताना ते म्हणा. आवाज चांगला नाही हे कारण चालणार नाही, मुलीला त्याचं काही नसतं. मोठ्यालाही ते कानावर पडून येईल, तो मान्य करणार नाही ही गोष्ट वेगळी. सणाला गेल्यावर ते गाणं सुरू झालं की पाचहीजणांना एका क्षणात काहीतरी करायला मिळतं. माझ्या अनुभवात दुसऱ्या कुठल्याही तयारीपेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडतो.

ऋतूचं टेबल हा दुसरा प्रकार तुम्ही वर्गात पाहिला असेल: कापड अंथरून त्यावर पानं, बिया, लोकरीच्या बाहुल्या. काही पालक घरी त्याची हुबेहूब नक्कल करायला जातात आणि महिन्याभरात दमतात. खिडकीच्या कट्ट्यावर एक वाटी ठेवा. फिरायला गेल्यावर जे हाताला लागेल ते त्यात. वाळलेलं झालं की मुलांनीच काढून टाकायचं. बस झालं.

मुलगी बिलगून राहिली, याबद्दल. हे मी दरवर्षी बघते, आणि बरेचदा वर्गात सगळ्यात मोठ्याने गाणाऱ्या मुलांच्या बाबतीत. वर्गात जे तिचं होतं ते अचानक अंधारात, उशिरा, शंभर मोठ्या माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवरून तिला दिसतं. ओळखीची शिक्षिकाही कोट-टोपीत वेगळी दिसते. शिवाय एरवी शाळेत आई नसते. आई समोर असताना शाळेची मुलगी व्हायचं की आईची, हा पेच साडेपाच वर्षांच्या जिवाला मोठाच आहे. ती तुमची झाली. तेव्हा "धर ना कंदील, एवढा छान केलायस, सगळे धरतायत बघ" असं म्हणण्यापेक्षा तो तुम्ही धरायचा आणि चालायचं. तो तिच्या नजरेच्या टप्प्यात राहील एवढं बघायचं. पुढच्या वर्षी ती तो बहुधा अर्ध्या वाटेत मागून घेईल. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला हात लावू देणार नाही. पहिल्या वर्षी गोंधळ, दुसऱ्या वर्षी ओळख, तिसऱ्या वर्षी मालकी, असं साधारण दिसतं. म्हणूनच आम्ही सण दरवर्षी बदलत नाही. "यंदा काहीतरी नवीन करा ना," असं पालक फार प्रेमाने सांगतात, आणि आम्ही हसून विषय बदलतो.

घरी येताना गाडीत "मजा आली का?" विचारू नका. "काय आवडलं?" हेही नको. या वयाच्या मुलाला अनुभवाचा अहवाल देता येत नाही, आणि मागितला की ते तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. तुमच्या मुलीने अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाखाली दिलाच की.

व्हिडिओचं थोडं नाजूक आहे, कारण तुमच्या नवऱ्याचा हेतू चांगलाच होता. मी फोनविरोधी वगैरे नाही. पण डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक उजळ पडदा समोर आला की बरीचशी सवय क्षणात मोडते, ज्याचा फोन आहे त्याची तर जातेच, मागे उभ्या असलेल्या चौघांचीही जाते. कागदी कंदिलाचा उजेड किती असतो? अंधार नीट भिनला असेल तर त्यात झाडाची फांदी दिसते, शेजाऱ्याचा चेहरा दिसतो. फोननंतर फक्त एक पिवळा ठिपका. आमच्या शाळेत आम्ही हे असं सोडवलं: एक पालक आधी, उजेड असतानाच, प्रत्येक मुलाचा कंदिलासकट फोटो काढतो आणि सगळ्यांना पाठवतो. नंतर फोन खिशात. तुमच्या शाळेत अशी सोय नसेल तर नवऱ्यानेच ती अंगावर घ्यावी. ज्याला फोटोची हौस आहे त्याला हेच काम द्यावं.

मोठ्याबद्दल मला जास्त काळजी वाटली. दहा वर्षांच्या मुलाला बालवाडीच्या गाण्यात गोल फिरायला लावणं म्हणजे त्याचा अपमान आहे, आणि तो या शाळेतला नाही, त्यामुळे त्याच्या वयाचं ओळखीचं कुणी तिथे नाही. त्याला पाहुणा म्हणून नेऊ नका, कामाला न्या. शिक्षिकेला आधी कळवा की माझा दहा वर्षांचा येतोय, त्याला काम द्या. विझलेले दिवे पुन्हा पेटवायचे, वाटेच्या वळणावर दिवा घेऊन उभं राहायचं, शेवटी सगळं विझलंय ना ते बघायचं. विस्तवाशी संबंध असलेलं कुठलंही काम या वयाच्या मुलाला चालतं, अर्थात शेजारी मोठं माणूस हवं. एका वर्षी अशाच एका भावाला आम्ही वाळूच्या बादलीपाशी उभं केलं होतं. पूर्ण वेळ काहीही घडलं नाही. तो मात्र बादली सोडून हलला नाही आणि जाताना त्याने मला सांगितलं, "पुढच्या वेळी दोन बादल्या ठेवा." आम्ही ठेवतो.

त्याला यायचंच नसेल तर एखाद वेळी मित्राकडे राहू द्या. 'कुटुंबाचा सण' म्हणजे दर वेळी पाचच्या पाच डोकी हजर, असं काही नसतं.

हेच कामाचं सूत्र तुम्हा दोघांनाही लावा, पण जपून. या शाळांची एक दुखरी बाजू आहे: सणांचा सगळा भार सहा-सात घरांवर पडतो, आणि त्या घरांतही बहुतेक वेळा आयांवर. पहिल्या वर्षी उत्साहाने सगळ्यासाठी हात वर करणाऱ्या पालक तिसऱ्या वर्षी दिसेनाशा होतात, हे मी बरेचदा पाहिलंय. वर्षात एक सण निवडा, त्यात एकच काम घ्या आणि तेच काम दरवर्षी करा. बाकीच्या सणांना हात हलवत जा, अपराधी न वाटता. एकच काम दरवर्षी करण्याचा फायदा मुलांना होतो. "माझे बाबा शेकोटी पेटवतात" हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ज्या तोऱ्यात ऐकलंय, तो तोरा 'माझे बाबा आले होते' मध्ये नसतो.

आता स्पायरल, कारण ते तुमच्यासमोर आहे आणि ते फेरीपेक्षा अवघड आहे.

हॉलच्या जमिनीवर हिरव्या फांद्यांची गोल गोल आत जाणारी वाट मांडलेली असते. मध्यभागी एक मोठी मेणबत्ती, बाकी सगळा अंधार. कोपऱ्यात कुणीतरी लायर (तारांचं छोटं वाद्य) किंवा बासरी वाजवत असतं. प्रत्येक मूल सफरचंदात खोचलेली न पेटवलेली मेणबत्ती घेऊन एकटं आत जातं, मधल्या ज्योतीवर ती पेटवतं आणि परत येताना वाटेच्या कडेला ठेवून देतं. एवढंच. शेवटचं मूल येईतो सगळी वाट उजळलेली असते.

एका मुलाला दीड ते दोन मिनिटं लागतात. पंचवीस मुलं म्हणजे पाऊण तास. मी नवीन असताना हे गणित केलं नव्हतं. तीन वर्ग एकत्र घेतले, सत्तरच्या आसपास मुलं, दोन तास चाललं. लहान मुलं भिंतीला टेकून झोपली, पालक खोकायला लागले, आणि एका मुलाने ठेवलेलं सफरचंद घरंगळत थेट फांद्यांत गेलं. शेजारच्या शिक्षिकेने ओला टॉवेल टाकला म्हणून निभावलं. तेव्हापासून एका वेळी एकच वर्ग, आणि प्रत्येक सफरचंद खालून चपटं कापलेलं, म्हणजे ते बसतं. तुमच्याकडे घरून सफरचंद आणायला सांगितलं तर तेवढं बघा: बूड कापलेलं आणि मेणबत्तीचं भोक घट्ट. मुलीचे केस मोकळे असतील तर बांधा. सैल, लोंबणाऱ्या बाह्या, ओढण्या, स्कार्फ त्या दिवशी नकोत. शाळेत पाण्याची किंवा वाळूची बादली आणि ओलं कापड ठेवलंय का, हे विचारायला लाजू नका.

आता या उत्तरातली तुमच्या सगळ्यात कामाची गोष्ट. पहिलं मूल अंधारात जातं, शेवटचं उजेडात. म्हणजे दोघांचा सण वेगळा असतो, आणि क्रम शिक्षिका विचार करून ठरवते. धीट मूल आधी. अंधाराला बिचकणारं मूल पंधरा-वीस दिवे लागल्यावर. पण बिचकणारं कोण, हे तिला वर्गातल्या वागण्यावरून कळेलच असं नाही, विशेषतः तुमच्या मुलीसारखी वर्गात मोकळी आणि गर्दीत बिलगणारी असेल तर. म्हणून फेरीच्या वेळी काय झालं ते शिक्षिकेला आत्ताच सांगा. ती मुलीचा क्रम मागे ठेवेल, किंवा स्वतः बरोबर चालेल, किंवा वरच्या वर्गातली एखादी मुलगी देईल. आणि वेळ आल्यावर मुलीने नाहीच जायचं म्हटलं तर नाही. मांडीवर बसून पंचवीस जणांना जाताना बघणं हाही त्या संध्याकाळचा पूर्ण वाटा आहे. तिची मेणबत्ती शिक्षिका लावेल. त्यावर नंतर घरी चर्चा नको, सासूबाईंकडूनही नको.

जाण्याआधी पोटभर खाऊन, शी-शू उरकून जा. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा, कारण उशिरा उघडलेल्या दारातून आलेला उजेड सगळ्यांची अंधाराची सवय मोडतो. आत शिरल्यावर मोठ्यांनी करायचं काम एकच, शांत बसायचं. गाणं येत असेल तर तोंड मिटून गुणगुणायचं. मूल बाहेर आलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत. हे नवऱ्याला आणि आजींना आधीच सांगून ठेवा, कारण हात आपोआप वर येतात, माझे अजून येतात. संपल्यावर बाहेर गप्पांचा अड्डा जमतो, तो त्या दिवशी टाळा आणि सरळ घरी जा. हे वाचणाऱ्या एखाद्याच्या घरी सव्वा वर्षाचं बाळही असेल, तर एका मोठ्या माणसाने बाळाला घेऊन दाराशेजारी बसायचं आणि कुरकुर सुरू होताच बाहेर पडायचं. दोघांपैकी कोण, ते घरून ठरवून निघा.

आजींना मी काय सांगेन? खरं तर काहीच नाही. कंदिलांच्या फेरीत चालून चालून गुडघे दुखत असताना त्यांना कार्यक्रम हवा होता. स्पायरलमध्ये बसायचं असतं, दिवा लावलेला असतो, कुणीतरी वाजवत असतं आणि लहान मुलं एकेक करून ज्योत घेऊन येतात. मी आजवर पाहिलंय की हा सण आज्यांना सगळ्यांच्या आधी कळतो. फक्त त्यांच्यासाठी खुर्ची लागेल असं शाळेला आधी कळवून ठेवा. बहुतेक ठिकाणी जमिनीवरच बसायचं असतं आणि खुर्च्या चार-पाचच काढलेल्या असतात.